मशागत गावाची, निवड पुण्याची

ऑस्ट्रेलियात फुटबॉलचा एक देशी प्रकार खेळला जातो. मैदान क्रिकेटचे, चेंडू अंडाकृती आणि अंगाला अंग भिडवण्याची पूर्ण मुभा. त्या खेळाच्या व्यावसायिक लीगमध्ये आज 18 संघ आहेत आणि 1986पासून तिथे नव्या पोरांच्या वाटणीची एक रीत ठरलेली आहे. शाळा नुकतीच संपवलेली, अठराच्या आसपासची मुले एका यादीत येतात आणि मोसमात जो संघ तळाला राहिला त्याला पहिली निवड मिळते. विजेत्याचा नंबर सर्वांत शेवटी. ही रीत ऐकून आपल्याकडच्या कुठल्याही मंडळाच्या खजिनदाराला जो प्रश्न पडेल, तोच मेलबर्न क्लबच्या बाबतीतही विचारला गेला: मग जिंकायचे कशाला? 2009च्या मोसमात हा क्लब निवडीच्या लोभाने हरत होता, असा बोभाटा झाला. चौकशी लांबली आणि 2013मध्ये निकाल आला, की मुद्दाम हरल्याचे सिद्ध होत नाही, सबब दंड 5 लाख डॉलर. असा निकाल आपल्याकडेच लागतो, हा आपला समज त्या दिवशी खोटा ठरला. तिथे आणखी एक नियम आहे, बाप-लेकाचा. बाप क्लबकडून 100 सामने खेळला असेल, तर लेकावर त्या क्लबचा आधी हक्क. गॅरी ॲब्लेटचा मुलगा गॅरी ॲब्लेट जिलाँग क्लबला याच वाटेने मिळाला. सिंधुदुर्गातल्या वाचकाला हा नियम उलगडून सांगायला नको. आपल्याकडे तो खेळाबाहेर जास्त निष्ठेने पाळला जातो आणि 100 सामन्यांची अटही नाही.

आपल्या कबड्डीत निवडीची रांग नाही, लिलाव आहे. 2014मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि ज्या खेळाला आदल्या वर्षापर्यंत पोट भरण्याचे साधन मानत नव्हते, त्याच्या खेळाडूंच्या किमती पुढे कोटींत बोलल्या जाऊ लागल्या. लिलावात प्रत्येक संघाच्या हाती सारखेच पैसे, 5 कोटी. समानता एवढीच. पण लिलावाच्या मोठ्या दरवाजाशेजारी एक छोटे दार आहे, त्यावर ‘नवे युवा खेळाडू’ अशी पाटी आहे. त्या दारातून संघाने कोवळी पोरे थेट करारावर आत घ्यायची, कमी पैशांत सांभाळायची आणि उपयोगी पडली तर पुढच्या हंगामांसाठी राखून ठेवायची. बहुतेक संघमालक मोठ्या दरवाजातून ऐटीत आत शिरतात, कारण कॅमेरे तिकडे असतात. पुणेरी पलटणने छोट्या दारापाशी सतरंजी घातली. पुणेरी माणूस भाव पडल्याशिवाय खरेदी करत नाही, असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की इथे तर भाव ठरायच्या आधीच खरेदी झाली.

ही खरेदी वाईट होती, असे म्हणण्याची सोय नाही. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या टाकळीभानचा अस्लम इनामदार आणि हरयाणाचा मोहित गोयत आठव्या हंगामात असेच आले. त्यांच्या आधीच्या हंगामात पंकज मोहिते आला होता. नाशिककडचा आकाश शिंदे मागाहून जमला. दहाव्या हंगामात अस्लमकडे कर्णधारपद होते, लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू म्हणून त्याचीच निवड झाली आणि 1 मार्च 2024 रोजी हैदराबादेत पलटणने हरयाणा स्टीलर्सला 28-25 असे हरवून पहिले जेतेपद घेतले. फरक तीन गुणांचा. त्या सामन्यात पंकजने एकाच चढाईत चार गुण आणले होते. हिशेब वाचकांनीच करावा. त्याच हंगामात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला 2 कोटी 60 लाख 50 हजारांना घेतले होते, तोवरची सर्वांत मोठी बोली. टायटन्स 12 संघांत बाराव्या क्रमांकावर आले. ऑस्ट्रेलियन नियम लागू असता, तर निदान पुढच्या वर्षीची पहिली निवड तरी पदरात पडली असती. दोष पवनचा नव्हता. तो चढाया करतच होता. पण कबड्डीत चढाईला एक जातो आणि बचावाला सात लागतात, हे गणित लिलावाच्या मेजावर कोणाच्या ध्यानात राहत नाही.

यावर कोपऱ्यात बसलेला एक जाणकार हटकून उठतो आणि विचारतो, ‘इराणी विसरलात?’ विसरलेलो नाही. पलटणच्या जेतेपदात मोहम्मदरेझा शादलुईचा वाटा मोठा होता. त्या हंगामाचा सर्वोत्तम बचावपटू तोच, आणि त्याच्यासाठी पलटणने 2 कोटी 35 लाख मोजले होते. म्हणजे तरुणांवर श्रद्धा होती, फक्त ती श्रद्धा डाव्या कोपऱ्यातल्या परदेशी खांबावर टेकवलेली होती. जाणकाराच्या बाजूने आणखी एक पुरावा आहे आणि तो बळकट आहे. पुढच्या हंगामात शादलुई 2 कोटी 7 लाखांना हरयाणाकडे गेला, हरयाणा जिंकली, अंतिम सामना पुण्यातच बालेवाडीला झाला आणि गतविजेती पलटण पहिल्या सहांतही नव्हती. एवढ्यावर थांबले तर युवा धोरणाचा निकाल लागला म्हणायचा. पण बाराव्या हंगामात तोच शादलुई 2 कोटी 23 लाखांना गुजरातकडे गेला आणि गुजरातला करंडक काही मिळाला नाही. पलटण मात्र पुन्हा अंतिम सामन्यात होती, तिथे दबंग दिल्लीकडून 28-31 अशी हरली. तीन हंगामांवरून सिद्धान्त मांडू नये हे खरे. पण एवढे म्हणता येते, की विकत घेतलेला खांब एका वर्षापुरता छत उचलून धरतो आणि घरची पोरे पडून-धडपडून दोन वर्षांनी पुन्हा उभी राहतात. अकराव्या हंगामात कर्णधार अस्लम दुखापतीमुळे बाहेर बसला होता, हेही त्याच खात्यावर मांडावे लागेल. तरुण संघाचा विमा तरुणांचे गुडघे असतात.

तेव्हा धोरणाला गुण द्यायचे, तर दहापैकी आठ द्यावेत. माझी हरकत उरलेल्या दोनांवर नाही. ती आहे गुणपत्रिकेवरच्या नावावर. पलटणची हुशारी कशात आहे, हे नीट पाहा: पोरगा सर्वांत स्वस्त असतो तेव्हा तिने उचलला. आणि तो त्या वयात स्वस्त का होता? कारण त्याच्यावरचा खर्च तोवर दुसऱ्याच कोणी केला होता. दहाव्या वर्षी त्याला अंगणातून मैदानात कोणी ओढले? किशोर गटाच्या निवड चाचणीला टेम्पो कोणी ठरवला? खांदा उतरला तेव्हा हाडवैद्याचे पैसे कोणी दिले? जांभ्याच्या मातीत गुडघे सोलवटल्यावर हळद कोणी भरली? देवगड तालुक्यातल्या कुठल्याही वाडीत विचारा, उत्तर एकच येईल: मंडळाने. मंडळाचा निधी म्हणजे मुंबईच्या चाकरमान्यांची गणपतीतली वर्गणी, आणि रात्रीच्या स्पर्धेची प्रवेश फी. पत्रकावर ‘रोख रक्कम व आकर्षक चषक’ छापलेले असते. रोख रक्कम कधी पुरत नाही, चषक मात्र आकर्षक असतोच.

देवगडात हापूसची बाग कराराने देण्याची पद्धत आहे. मोहोर बघून व्यापारी अंदाज बांधतो, बागायतदाराशी रक्कम ठरवतो, मग धुके पडो, तुडतुडा येवो की अवकाळी कोसळो, ते त्याचे नशीब. फळ लागले तर वाशीच्या बाजारात तो पेटीवर दुप्पट कमावतो आणि बागायतदार कुढत बसतो. तक्रारी पुष्कळ आहेत, खऱ्याही आहेत. पण या पद्धतीत एक गोष्ट कधी घडत नाही: ज्याने कलम लावले आणि फळ धरेपर्यंत वर्षानुवर्षे राखले, त्याला काहीच न देता कोणी झाडावर चढत नाही. कबड्डीत चढतात. वर ‘ही आमची युवा विकासाची दृष्टी’ असे फलकावर लिहितात.

पलटणचा वकील म्हणेल, की धोका आम्ही घेतो. दहा पोरे उचलली तर दोन मैदानात उतरतात, बाकीची राखीव बाकावर पाणी देतात. खरे आहे. पण त्या आठांच्या करारावर जो खर्च होतो तो दोघांतून वसूल होतो, म्हणून तर हे धोरण परवडते. ती आठ पोरे बाराव्या इयत्तेतून उठून गेलेली असतात. मंडळात परत येतात तेव्हा मॅटची सवय लागलेली असते आणि मातीत पाय सरकतो. हा धोका कुठल्या ताळेबंदात धरला जातो? वकील आणखी सांगेल, की युवा पलटण नावाचा संघ आहे, मुंबईकरांनीही युवा मुंबा काढला आहे, तिथे पोरांना प्रशिक्षण मिळते. मिळते, आणि ते उत्तमच. फक्त तिथे पोचतो तो पोरगा आधीच खेळायला शिकलेला असतो. ज्याला चवडा कसा टाकायचा तेही कळत नाही, असा नऊ वर्षांचा मुलगा अजून कुठल्याच फ्रँचायझीने दत्तक घेतलेला नाही.

लीगच्या आधी हे होतच नव्हते, असेही नाही. कोकणातला चांगला चढाईपटू पूर्वीही मुंबईला जायचा. लालबाग-परळच्या मंडळातून खेळायचा आणि रेल्वे, बँक, पोलीस यांची नजर पडली की नोकरीला लागायचा. ती निवडही फुकटच होती; मंडळाला तेव्हाही कोणी छदाम दिला नाही. पण त्या सौद्यात पोराला निवृत्तीपर्यंतचा पगार होता, गावाकडे मनिऑर्डर यायची आणि मंडळाच्या गणपतीला पावती फाटायची. आजच्या सौद्यात कीर्ती जास्त आहे, मुदत कमी आहे आणि गुडघा गेला तर पेन्शन नाही. मंडळे हे सगळे खेळाच्या प्रेमापोटी करतात, पैशासाठी नाही, असा युक्तिवाद मला सर्वांत गोड वाटतो. तो नेहमी पैसेवालाच करतो.

मग करायचे काय? ऑस्ट्रेलियन रांग आणू नये. आपल्याकडे शेवटी येण्यासाठीच चुरस लागेल आणि चौकशी समितीला सात वर्षे मुदतवाढ मिळेल. बाप-लेकाचा नियम तर मुळीच नको, त्याचा जिल्ह्याला पुरेसा अनुभव आहे. उचलायचे असेल तर जागतिक फुटबॉलमधून एक साधे कलम उचलावे. तिथे करारातला खेळाडू एका क्लबने दुसऱ्याला पैसे मोजून घेतला, की रकमेतले 5 टक्के त्याला वयाच्या 12 ते 23 या काळात ज्यांनी घडवले त्या क्लबांत वाटले जातात. फिफाचाच नियम आहे, कोणाचा दानधर्म नाही. यावर कायदेशीर शंका निघेल, की तिथली रक्कम एका क्लबकडून दुसऱ्याकडे जाते, आपल्या लिलावातली तर खेळाडूच्या हाती पडते. पोराच्या मानधनातून मंडळाने वाटा का मागावा? मागूच नये. पोराच्या एका रुपयालाही हात लावू नये. ती रक्कम संघाने वरून भरावी, लिलावाच्या बोलीवर आणि छोट्या दाराच्या करारांवरही, आणि ज्या मंडळाच्या नावाने पोरगा किशोर व कुमार गटात खेळला त्याच्या खात्यात जावी. नोंदणी राज्य कबड्डी संघटनेकडे आहेच. 2 कोटी 35 लाखांवर 5 टक्के म्हणजे 11 लाख 75 हजार. तो हप्ता इराणला गेला असता, हरकत नाही. तिथेही कोणी तरी गुडघ्याला हळद लावलीच असेल.

कबड्डीमहर्षी बुवा साळवी यांच्या जन्मदिनी, 15 जुलैला, राज्यभर कबड्डी दिन होतो. भाषणे होतात, जुन्या खेळाडूंचा सत्कार होतो. देवगडच्या मंडळांना एवढीच विनंती, की त्या दिवशी किंवा पुढच्या स्पर्धेच्या उद्घाटनाला लीगचा वा संघटनेचा कोणी पाहुणा आला, तर शाल-श्रीफळ देण्याआधी माइकवरून विचारा: आमचे पाच टक्के कधी?