अर्ध्या पीठाचा पूर्ण नवस

नवस बोलतो माणूस पन्नाशीत आणि फेडायला निघतो सत्तरीत, हीच सगळी अडचण आहे. आमची आत्या मुलाच्या नोकरीसाठी सप्तशृंगीला बोलली होती, "पायऱ्या चढून येईन." तेव्हा तिचे गुडघे तिचं ऐकत होते. मुलाला नोकरी लागली, बढती मिळाली, आता तर तो स्वेच्छानिवृत्तीच्या गोष्टी करायला लागला, तरी पायऱ्या बाकीच. शेवटी आत्याच्या स्वप्नात देवी आली. काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. दुसऱ्या दिवशी आत्याने सगळ्यांना गडावर जायचं फर्मान काढलं.

बरं, मुहूर्त कुठला? ऐन चैत्रातली यात्रा. नाशिकहून दिंडोरी, वणी करत नांदुरीपर्यंत गाडी सुखाने गेली. यात्रेत खासगी गाड्या तिथेच थांबवतात. पुढचा दहा किलोमीटरचा घाट एसटीने. त्या एसटीत प्रत्येक वळणाला आम्ही न बोलता नवस बोलत होतो.

गडावर पोचल्यावर वाद सुरू झाला. वर जायला पाचशेच्या आसपास पायऱ्या, आणि २०१८ पासून ट्रॉलीही. रुळांवरून बसल्या बसल्या काही मिनिटांत देवीच्या दारात. काकांनी डोकं लढवलं, "साडेतीन शक्तिपीठांत कोल्हापूर, तुळजापूर, माहूर पूर्ण. हे अर्धं. अर्ध्या पीठाला अर्धा नवस चालतो." आत्याने त्यांच्याकडे असं पाहिलं की महिषासुराला काय वाटलं असेल ते आम्हाला कळलं. पण पायऱ्यांकडेही तिने एकदा पाहिलं. मग स्वतःच निकाल दिला, "जाताना ट्रॉली, येताना पायऱ्या. मोजल्या तर तेवढ्याच भरतात."

ट्रॉलीच्या रांगेत आमच्या पुढे शिरपूरकडची एक म्हातारी होती. खान्देश हे देवीचं माहेर; चैत्रात माहेरची माणसं उन्हातान्हात पायी येतात, ही तशीच आलेली. पायाला फडकी बांधलेली. "तुम्ही कुठून चालत?" तिने विचारलं. आत्या म्हणाली, "नाशिकहून." चालत की कसं, हे तिने सांगितलं नाही आणि आम्हीही देवाच्या दारात वाद नको म्हणून गप्प बसलो.

आत्याने देवीसाठी भारीतली सहावारी आणली होती. ओटीच्या दुकानदाराने ती बघून मान हलवली. "आईला अकरा वार लागतं." आठेक फूट उंचीची, अठरा हातांची मूर्ती, सहावारीत पदराचीच सोय होणार. झाली आणखी एक खरेदी.

२०२२ मध्ये मूर्तीवरचा हजार किलोंहून जास्त शेंदूर उतरवला आणि खालचं मूळ रूप दिसलं. आत्या त्यानंतर पहिल्यांदाच येत होती. गाभाऱ्यासमोर पोचल्यावर तिच्या तोंडून निघालं, "अगं बाई, किती बारीक झालीस!" बाकी, नात्यातली प्रत्येक बाई तिला भेटल्यावर एवढंच म्हणते.

तिने मागण्यांची यादी पाठ केली होती: सुनेची बदली, काकांची कंबर, माझं लग्न, वरच्या मजल्यावरून गळणारं पाणी. पण "चला, पुढे सरका" सुरू झालं आणि सगळी यादी "बघ गं बाई सगळं" एवढ्यात आटपली. बाहेर माकडाने काकांच्या हातातले पेढे नेले. काकांनी ते देवीला पोचले असं धरून चालायचं ठरवलं.

उतरताना आत्या तिसऱ्याच पायरीवर बसली. आम्हाला वाटलं गुडघे. ती समोरच्या मार्कंडेय डोंगराकडे बोट दाखवून म्हणाली, "तिथे मार्कंडेय ऋषी पाठ म्हणायचे आणि इथे ही मान कलती करून ऐकायची. मूर्तीची मान बघितलीस ना? खोऱ्यापलीकडचं ऐकू येतं तिला, मी तर पायरीवरच आहे." आणि तिने मागे वळून, यादी पहिल्यापासून, खणखणीत आवाजात सुरू केली. माझ्या लग्नाच्या कलमापाशी चढणारी माणसं थांबून मला न्याहाळू लागली. एकीने तर वय विचारलं.

खाली पायथ्याला महिषासुराचं देऊळ आहे. देवीने ज्याला मारलं, त्याचं रेड्याचं मस्तक तिथे पुजतात. आत्याने तिथेही हात जोडले आणि हळू आवाजात बराच वेळ काहीतरी सांगितलं.

"त्याला काय मागितलंस?" मी विचारलं.

"गळणारं पाणी," आत्या म्हणाली. "वरच्या मजल्यावरच्यांशी त्याच्याच भाषेत बोलायला हवं."