साताऱ्यात आजारी, सांगलीत ठणठणीत

आमच्या दाजींची पिकअप सांगलीत कधीच आजारी पडत नाही. मार्केट यार्डातला किराणा कितीही भरा, तक्रार नाही. सांगलीला चढच मंजूर नाहीत. दुखणं उपटतं ते साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात. दुसरा गिअर पडला की डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी गाडी ओढत नाही. मागे कासची फुलं बघायला निघालेली पुणेकर मंडळी हॉर्नवर बसलेली.

साताऱ्यातल्या मिस्त्रीनं स्कॅनर लावला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "ईजीआर." म्हणजे सायलेन्सरकडे निघालेला थोडा धूर परत इंजिनात घालायचा. त्यानं आतली आग थंडावते आणि नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड कमी तयार होतात. हवा आपल्यासाठी शुद्ध, पण इंजिनानं स्वतःचंच उष्टं खायचं! त्या उष्ट्याची काजळी व्हॉल्व्हवर बसते. तेव्हा व्हॉल्व्ह उघडा, कार्बन काढा, कोड पुसा, पैसे द्या.

दिवा गेला. सांगलीपर्यंत गेलेलाच राहिला. पुढच्या घाटात हजर.

मग सांगलीचे मिस्त्री. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी या गावात नाटकाचा पडदा उघडला, तेव्हापासून इथं काहीच साधेपणानं उघडत नाही, बॉनेटसुद्धा. भोवती प्रेक्षक जमले. व्हॉल्व्ह पुन्हा धुतला. ट्रायल विश्रामबागच्या सपाट रस्त्यावर झाली. दिवा कशाला लागतोय? पुढं नवा व्हॉल्व्ह घातला. तोही यवतेश्वराच्या वाटेवर पिवळा पडला.

शेवटी एक म्हातारा वायरिंगवाला भेटला. त्यानं स्कॅनरवरचा कोड चष्मा पुसून वाचला. "पी०४०३ हाय की. धूर कमी पडला असता तर ०४०१ आला असता. ही सर्किटची बोंब हाय. व्हॉल्व्ह कशाला धुताय?" ईजीआर ही तीन अक्षरं दिसली की सगळ्यांचे हात थेट ब्रशकडे गेले होते, पुढचा आकडा वाचायला कुणी थांबलंच नव्हतं.

त्यानं इंजिन चालू ठेवून वायरींचा जुडगा बोटांनी हलवत नेला. एका पत्र्याच्या क्लॅम्पपाशी दिवा लागला. तिथं वायरीचं प्लास्टिक घासून नखाएवढं तांबं उघडं पडलं होतं. घाटात जोर आला की इंजिन माउंटिंगवर किंचित कलतं, तांबं पत्र्याला टेकतं. सांगलीत कलायचं कारणच नाही.

थोडी सोल्डर, एक स्लीव्ह, एक टाय. मजुरी इतकी कमी की दाजींचा चेहराच पडला. पैसे देऊन मला बाजूला घेत म्हणाले, "पाव्हणं, घरात वायर म्हनू नगा. व्हॉल्व्हच गेलता म्हना. तुमच्या ताईनं व्हॉल्व्हचं बिल बघितलंय."