अर्धी जुडी

“मावशी, अर्धी जुडी द्या ना. घरात दोघंच आहोत.”

“आणि उरलेल्या अर्ध्या जुडीचं मी काय करू, दादा? घ्यायची तर अख्खी घ्या.”

क्वांटम सिद्धांत मला असा कोथिंबिरीच्या टोपलीपाशी समजला. कॉलेजात दोन वर्षं घासून समजला नव्हता. ‘क्वांटम’ हा मूळचा लॅटिन शब्द, अर्थ ‘किती’. म्हणजे थेट मंडईतलाच! मराठीत त्याचा ‘पुंज’ झाला. पुंज म्हटलं की मला तारकापुंज दिसतो, निदान ढीग तरी. इथे तर गोष्ट ऊर्जेच्या अशा चिमुकल्या वाट्याची, की त्याहून कमी द्यायला निसर्ग तयार नाही. मला विचारलं असतं तर ‘जुडी’ सुचवली असती. जुडीयामिकी! (विचारलं नाही तेच बरं.)

ही जुडी प्रथम बांधली मॅक्स प्लांक या बेचाळिशीतल्या प्राध्यापकाने, १४ डिसेंबर १९०० रोजी, बर्लिनमध्ये. कोडं तापलेल्या वस्तूचं होतं. लोहाराच्या भट्टीत लोखंड लालबुंद होतं, मग पिवळसर. जुनं गणित मात्र म्हणे, त्यातून जांभळ्यापलीकडच्या किरणांचा अमर्याद लोंढा यायला हवा. प्लांकने धरून चाललं की ऊर्जा सुटी मिळतच नाही आणि जुडी केवढी ते कंपनसंख्येवर ठरतं. तांबड्या प्रकाशाची लहान, जांभळ्याची जवळपास दुप्पट. आता खिशात पाचच रुपये असले तर दहाची जुडी कोण उचलणार? जांभळ्याचा खप आपोआप बसला, हिशेब जुळला. प्लांक मात्र अस्वस्थ. आपलीच जुडी सोडून पुन्हा सुटी करता येते का, हे तो पुढे कित्येक वर्षं पाहत राहिला.

एक वॅट हिरव्या प्रकाशात दर सेकंदाला अशा सुमारे २७ वर १७ शून्यं इतक्या जुड्या येतात, म्हणून आपल्याला उजेड सलग वाटतो. आणि वर्तमानपत्रात कुणाचा नफा तिप्पट झाला की लगेच ‘क्वांटम झेप’! त्या शब्दाला शोभेल अशी गोष्ट म्हणजे माझी गेल्या वर्षीची पगारवाढ. एका झटक्यात झाली आणि कुणाच्या लक्षातही आली नाही.

अखेर अख्खी जुडी घेतली. मावशींनी वर कढीपत्त्याच्या दोन काड्या पिशवीत टाकल्या.

“याचे किती?”

“त्याचे कसले पैसे, दादा!”