हौसेला मोल नसतं, जीएसटी असतो

गाड्या खपत नाहीत याचा गुन्हेगार सप्टेंबर 2019 मध्येच सापडला होता. त्याआधीच्या ऑगस्टमध्ये देशातली प्रवासी गाड्यांची विक्री वर्षभरापूर्वीपेक्षा 31 टक्क्यांहून जास्त घसरली होती आणि सप्टेंबर उजाडताच मारुतीने गुरुग्राम, मानेसरचे कारखाने दोन दिवस बंद ठेवले होते. तेव्हा अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी चेन्नईत सांगितलं की बीएस-6 प्रदूषण निकष वगैरे कारणं आहेतच, पण नव्या पिढीची मानसिकताही बदलली आहे. हप्त्यात अडकण्यापेक्षा तिला ओला-उबर किंवा मेट्रो बरी वाटते. झालं, तपास संपला. आरोपी बावीस वर्षांचा, कानात इअरफोन, नावावर एकही कर्ज नाही. कर्ज नाही म्हटल्यावर आणखी कुठला पुरावा हवा? पुण्यात तेव्हा मेट्रोचे नुसते खांब उभे होते, तरी पुण्याची पोरंही या कटात गोवली गेली.

पुढे सहा वर्षांनी चमत्कार झाला. 22 सप्टेंबर 2025, घटस्थापना. छोट्या गाड्यांवर उपकर धरून 29 ते 31 टक्के जीएसटी होता, तो 18 वर आला आणि त्या एका सकाळी तरुणांची मानसिकता खडखडीत बरी झाली. एकट्या मारुतीने पहिल्या दिवशी पंचवीस हजारांवर गाड्या ग्राहकांच्या हाती दिल्या. इतका झटपट गुण कुठल्या मानसोपचारतज्ज्ञाच्या औषधाला आम्ही तरी पाहिलेला नाही.

म्हणजे आता सगळं आलबेल? शोरूमपुरतं असेलही. रडतोय तो गाडीच्या हौसेवर जगणारा माणूस, आणि त्याला कुठल्याच जीएसटी परिषदेने अजून माफी दिलेली नाही.

गाडी घेणं ही नुसती खरेदी. खरा सोहळा त्यानंतर असायचा. गाडी शोरूममधून निघाली की पहिल्यांदा सारसबागेच्या गणपतीपुढे, चाकाखाली लिंबू चिरडून, आणि तिथून थेट अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात. दुकानदार गाडीभोवती एक फेरी मारायचा, हळहळल्यासारखा च्यक् करायचा आणि म्हणायचा, "गाडी झकास आहे साहेब, पण जरा उघडी उघडी वाटते." एवढ्या एका वाक्यावर दुकानाचं भाडं निघायचं. मग तिला वस्त्रं नेसवणं सुरू. सीट कव्हर, स्टीअरिंग कव्हर, मॅट, मडफ्लॅप, खिडकीवर व्हायझर, डॅशबोर्डवर मान हलवणारा कुत्रा आणि रिव्हर्स टाकला की अख्ख्या सोसायटीला उठवणारी धून. सीटवरचं कंपनीचं प्लॅस्टिक मात्र काढायचं नाही, त्याच्यावरूनच कव्हर चढवायचं. उन्हाळ्यात त्या प्लॅस्टिकला पाठ चिकटायची, उठताना चर्रकन आवाज यायचा, आणि त्या आवाजातच गाडी नवी असल्याचं समाधान असायचं.

ही बाजारपेठ कुणी मारली? पोरांनी? काचांवरची काळी फिल्म 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उतरवली. बंपरपुढचं लोखंडी गार्ड 2017 मध्ये केंद्राने बेकायदा ठरवलं. (दोन्ही निर्णय रास्तच होते. पण रास्त निर्णयाने कुणाची चूल पेटल्याचं आम्ही ऐकलेलं नाही.) उरलंसुरलं कंपन्यांनी कारखान्यातच बसवून दिलं आणि त्याचे सहा व्हेरिएंट करून लाखालाखाच्या फरकाने विकलं. टेपचा धंदा टचस्क्रीनने गिळला. आता दुकानात काउंटरवर येतो तो आपला आरोपी. मोबाईल होल्डर हातात घेतो, उलटासुलटा करून बघतो, त्याचा फोटो काढतो आणि "ऑनलाइन शंभर रुपयांनी कमी आहे, काका," असं अदबीने सांगून निघून जातो.

गॅरेजवाल्याचं दुःख आणखी खोल. "साहेब, काम निघालंय" या तीन शब्दांवर महाराष्ट्रातल्या कितीतरी मिस्त्रींची मुलं इंजिनिअर झाली. मिस्त्री गाडी चालू करून डोळे मिटायचा आणि कान देऊन सांगायचा, "टॅपेट बोलतायत." आपल्याला काहीच ऐकू यायचं नाही, पण मान डोलवावी लागायची. आता गाडीला आधी स्कॅनर लावावा लागतो. बॉनेट उघडलं तर आत काळं प्लॅस्टिकचं झाकण, आणि बाहेरच्या मिस्त्रीचा हात लागला तर वॉरंटी जाईल अशी कंपनीची धमकी. इलेक्ट्रिक गाडीत इंजिन ऑइल नाही, प्लग नाही, क्लचप्लेट नाही, हेड गॅस्केट नाही. ती मिस्त्रीकडे येते तेव्हा चाकात हवा भरायची असते, आणि हवेचे पैसे गूगल पेवर घ्यावे लागतात.

ड्रायव्हिंग स्कूलवाल्याची तर सत्ताच गेली. त्याच्या पायाखालचा तो दुसरा ब्रेक म्हणजे अनेकांनी आयुष्यात पाहिलेली एकमेव खरीखुरी हुकूमशाही. पुलाच्या चढावर गाडी थांबवायची, मागे पीएमटीची बस येऊन टेकली की म्हणायचं, "आता उचला. हाफ क्लच, ताई, हाफ! हाफ म्हटलं ना!" त्या एका चढावर जे शिकलं ते जन्मात विसरलं गेलं नाही, आणि काहींनी त्यानंतर गाडी कधी चालवलीही नाही. आता विद्यार्थी पहिल्याच दिवशी विचारतो, ऑटोमॅटिकवर शिकवता का? शिकाऊ लायसन्सची परीक्षा 2021 पासून घरबसल्या देता येते, त्यामुळे आरटीओच्या दारातल्या टपऱ्यांवर चहासुद्धा कमी खपतो.

कंपन्यांना वाटतं, गाडी स्वस्त केली की हौस येते. नॅनो आठवते? 2008 मध्ये लाखाची गाडी म्हणून अख्ख्या जगाने कौतुक केलं. जून 2018 मध्ये महिनाभरात तयार झाल्या त्या नॅनो गाड्या नव्हेत, नॅनो गाडी. एक. लोकांना गाडी स्वस्त हवी असते, पण स्वस्त गाडी नको असते, हे शेजाऱ्यांनी टाटांना आधी सांगायला हवं होतं. उलट 29 ऑक्टोबर 2023 हा मुंबईच्या रस्त्यांवर प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचा शेवटचा दिवस ठरला, तेव्हा केवढा गहिवर! तिच्या फुलाफुलांच्या रेक्झिनवर लेख आले. लिहिणारे बहुतेक जण एसी कॅबमधून घरी जाता जाता लिहीत होते.

आता डीलरकडे वळू, कारण हौसेचा सगळ्यात अजब नमुना तिथे आहे. आपल्याकडे कंपनीच्या आकड्यांत गाडी विकली जाते ती कारखान्याच्या फाटकातून डीलरकडे निघाली की. पुढे ती कुणी घेतो की मोकळ्या प्लॉटवर पावसात भिजते, हा डीलरच्या नशिबाचा भाग. 2024 च्या पावसाळ्यात डीलरांच्या संघटनेने, म्हणजे फाडाने, हिशेब मांडला होता की देशभरातल्या डीलरांकडे सुमारे 7.8 लाख गाड्या पडून आहेत, किंमत सुमारे 77,800 कोटी. गाडीची इतकी हौस कुठल्या बावीस वर्षांच्या पोराला परवडणार? ती एकट्या डीलरने करायची, तीही बँकेच्या व्याजाने. शिवाय डिलिव्हरीच्या दिवशी पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली, केक आणि लाल सॅटिनचं आच्छादन त्याच्याच खर्चाने. परवा असाच एक सोहळा आम्ही पाहिला. वडिलांनी डोळे पुसले, आईने गाडीला हळदकुंकू लावलं, सेल्समनने टाळ्या वाजवल्या. ज्याच्यासाठी गाडी घेतली तो मुलगा पुढच्या सीटवर बसून ब्लूटूथ जोडत होता. जोडलं गेलं. "चला," म्हणाला, "मीच चालवायला हवी का?"

पण महाराष्ट्रात हौस मेली असं कुणी म्हणू नये. ती गाडीवरून उतरून पाटीवर जाऊन बसली आहे. 2024 मध्ये सरकारने आवडीच्या नंबरांचे दर वाढवले. चारचाकीला 0001 हवा असेल तर मुंबई-पुण्यासारख्या शहरांत 6 लाख रुपये. एवढ्यात शोरूमच्या किमतीला दीड आल्टो येते. सरकारला बाजारपेठेची नाडी बरोबर सापडली म्हणायची, कारण नंबराला पेट्रोल लागत नाही, तो वाहतूक कोंडीत अडकत नाही, आणि मुख्य म्हणजे त्याला पार्किंग लागत नाही.

पार्किंगवरून आठवलं. परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी मे 2025 मध्ये घोषणा केली की पार्किंगच्या जागेचा दाखला दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होणार नाही. शोरूमवाल्यांच्या पोटात गोळा आला. आमच्या ओळखीच्या एका आरटीओ एजंटाचा चेहरा मात्र 2021 नंतर प्रथमच खुललेला दिसला. दाखल्याचं काय, म्हणून आम्ही सहज विचारलं. त्याने टपरीवाल्याला दोन कटिंग सांगितले, खुर्ची पुढे ओढली आणि समजावलं, "साहेब, जागा नसली तरी चालेल, दाखल्याचं आपण बघू. अहो, काहींना नुसता दाखलाच हवाय, ते गाडी घेणारसुद्धा नाहीत. जागा अडवून ठेवायचीय."