प्रश्नावली आणि पांढरा उंदीर
औषधशास्त्रातील एमडीचा प्रबंध सहसा दोन वाटांनी जातो. पहिलीवर प्रश्नावली. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करावी का? डॉक्टर एकमुखाने ‘हो’ म्हणतात. कधी केली का, असे विचारले की बहुतेकांना वेळ मिळालेला नसतो. निष्कर्ष ठरलेला: प्रशिक्षण हवे. अशा नोंदींसाठीचा राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम २०१० पासून चालू आहेच. दुसरीवर पांढरा उंदीर. त्याला अ‍ॅलॉक्सान टोचून आधी मधुमेह द्यायचा, मग कुठल्याशा पाल्याचा अर्क पाजून तो उतरवायचा. साखर उतरते, पदवी मिळते. पाला माणसापर्यंत क्वचितच पोचतो. सर्पगंधा पोचली. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन १९४९ मध्ये निष्कर्ष छापले. तिच्यातले रेसरपीन हे गुणकारी द्रव्य मात्र १९५२ मध्ये वेगळे झाले ते स्वित्झर्लंडमध्ये.