महिन्याला एक मिलिमीटर

आमच्या घरात जेवायला बसताना मी दात काढते, निजायला जाताना सासूबाई काढतात आणि चिरंजीव दिवसभर काढत असतात. माझे अलाइनर, सासूबाईंची कवळी. चिरंजीवांच्या तोंडात आधी प्लेट होती, आता तारा आहेत. दात काढण्याचा त्यांचा उद्योग दोन्ही राजवटींत सारखाच चालू राहिला. नवऱ्याचे बत्तीसही दात मूळचे आणि जागच्या जागी आहेत. काडीचेही कष्ट न करता मिळालेले असल्यामुळे या विषयावर तो फार अधिकारवाणीने बोलतो.

माझ्या माहेरच्या तोंडांत दात कधी रांगेत उभे राहिले नाहीत. कुणाचे पुढे निघतात, कुणाचे एकमेकांच्या अंगावर चढतात. माझे दुसऱ्या प्रकारचे. भावाचे पहिल्या, शाळेत पोरं त्याला 'खवणी' म्हणायची. आमच्याकडे दागिने बहिणीला गेले, गावची जमीन भावाकडे राहिली आणि मामाचे दात माझ्या पोराला आले. वाटणीत मला मिळालेली ही एवढीच इस्टेट.

पोराला अकरावं लागलं तेव्हा तो दारातून आत येण्याआधी त्याचे वरचे दात आत येऊ लागले. त्यात सोसायटीच्या आवारात क्रिकेट. पुढे आलेल्या दातांवर चेंडू बसला की दात तुटायची भीती जास्त, असं कळल्यावर आम्ही दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर वयाने आमच्या बँकेतल्या प्रोबेशनरएवढ्या. त्यांनी पट्टी लावून वरचे दात खालच्यांच्या किती पुढे आहेत ते मोजलं, नऊ मिलिमीटर, आणि चिठ्ठीवर मनगटाचा एक्स-रे लिहून दिला.

"दात तोंडात असतात हे त्यांना माहीत आहे ना?" नवऱ्याने विचारलं.

त्यांना माहीत होतं. पोराचे दात पुढे दिसत होते, पण खरी गोम खालच्या जबड्यात होती. तो मागे राहिला होता. मुलांच्या वाढीला जोर येतो त्या काळात हा जबडाही वाढतो, आणि तो काळ आला की नाही हे मनगटातली हाडं बघून ताडता येतं. ती वाढ चालू असतानाच प्लेट लावून फायदा उठवायचा. वाढ आटोपल्यावर तेच काम ऑपरेशनवर जातं.

"सेकंड क्लास आहे," डॉक्टर म्हणाल्या. सासूबाईंनी हे घरी ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. आमच्या घराण्यात सेकंड क्लास कुणाला मिळाला नव्हता. मग मी समजावलं, की अमेरिकेत एडवर्ड अँगल नावाचा दंतवैद्य होऊन गेला. वरची पहिली मोठी दाढ खालच्या दाढेवर कशी बसते यावरून त्याने १८९९ मध्ये जगातल्या सगळ्या वेड्यावाकड्या तोंडांचे तीन वर्ग पाडले, आणि ते आजही चालतात. खालची दाढ मागे राहिली तर दुसरा, पुढे गेली तर तिसरा. दाढा जागेवर पण पुढचे दात वेडेवाकडे असले, तर पहिला. म्हणजे मी फर्स्ट क्लास. आयुष्यात पहिल्यांदाच, आणि तेही कुणाला सांगण्यासारखं नाही.

पोराला लावला तो ट्विन ब्लॉक. वर एक प्लेट, खाली एक, दोन्हींवर तिरके ठोकळे. तोंड मिटायचं तर खालचा जबडा पुढे आणल्याशिवाय गत्यंतरच नाही. ही युक्ती स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांची, १९७७ सालची. त्यांच्या एका सहकाऱ्याचा मुलगा पडला आणि त्याचा वरचा पुढचा दात निखळला. दात परत बसवला, पण त्याच्यामागे अडकणारा खालचा ओठ त्याला सारखा ढकलायचा. त्या एका दाताला वाचवण्यासाठी केलेली जुळणी पुढे जगभरच्या पोरांच्या तोंडात गेली. आमच्या पोराच्या तोंडात ती गेली तेव्हा पहिले काही दिवस त्याच्या बोलण्यातलं फक्त 'नको' एवढंच कळत होतं. वरच्या प्लेटमध्ये एक स्क्रू होता. डॉक्टरांनी छोटी किल्ली दिली आणि दर रविवारी पाव फेरा द्यायला सांगितला. या पोराला चावी द्यावी लागते हे मी त्याच्या वर्गशिक्षिकेकडून अनेकदा ऐकलं होतं; भोक कुठे आहे ते आता कळलं.

शेजारच्या वहिनींनी हे सगळं पाहिलं आणि आपल्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन त्याच दवाखान्यात धाव घेतली. मुलीच्या वरच्या दोन दातांत फट होती. डॉक्टरांनी फी घेतली आणि काहीही न करता परत पाठवलं. या वयात पुढच्या दातांत फट पडते, दात फाकतात, आणि वरचे सुळे खाली उतरले की बहुतेकदा आपोआप जवळ येतात. सातव्या वर्षाच्या सुमाराला एकदा दाखवून घ्यावं हे खरं. अंगठा चोखायची सवय असेल किंवा वरचे दात खालच्यांच्या आत बसत असतील तर ते लवकर कळलेलं बरं. पण दाखवायला जाणं म्हणजे तारा लावून येणं नव्हे. वहिनी मात्र नाराज झाल्या. फी देऊन काहीच मिळालं नाही.

माझं प्रकरण सुरू झालं ते पोराच्या पाळीला बाजूच्या खुर्चीत बसल्यामुळे. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी नेहमीसारखी ओठ मिटून हसले. आमच्याकडच्या मुलींना हे हसू लहानपणीच शिकवतात. लग्नाच्या अल्बममध्ये मी शेदीडशे फोटोंत आहे आणि एकातही दात नाही. 'मुलीचे दात जरा गर्दीत आहेत, पण स्वभाव मोकळा आहे,' अशी माझी शिफारस मावशीने केली होती.

"काकू, तुमच्या खालच्या दातांवर कीटण साचतंय. एकमेकांवर चढल्यामुळे ब्रश पोचत नाही. करून घ्यायचेत का?"

काकू या शब्दाचा राग गिळून मी घरी विषय काढला.

"या वयात?" सासूबाई म्हणाल्या.

"आता कुणाला दाखवायचेत?" नवरा म्हणाला. ज्याला दाखवायचे, त्यानेच हे विचारावं!

या प्रश्नाला मी डॉक्टरांचंच उत्तर दिलं. दात हाडात चिणलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा तंतूंचा थर असतो. दाताला हळूच पण सतत रेटलं की ज्या बाजूला दाब येतो तिथलं हाड विरघळतं आणि मागे मोकळ्या झालेल्या बाजूला नवं भरतं. वेग महिन्याला साधारण एक मिलिमीटर. मुंबई-गोवा महामार्गाचं काम पाहिलेल्या माणसाला हा वेग कमी वाटू नये. आणि हे विरघळणं-भरणं जन्मभर चालू असतं, मोठेपणी जरा रमतगमत, एवढंच. हिरड्या धड हव्यात, मधुमेह असेल तर तो ताब्यात हवा. मोठ्या माणसाचा जबडा मात्र प्लेट लावून वाढत नाही. पोराला जे प्लेटने साधलं ते मला साधलं नसतं. पण मला जबडा नकोच होता, पुरेसा आहे असं घरचे म्हणतात.

मग निवड. धातूच्या तारा सगळ्यांत स्वस्त आणि कामाला चोख. त्यांना दाताच्या रंगाच्या सिरॅमिक चकत्यांचा पर्याय आहे. चकती दिसत नाही, पण तिला तार बांधणारं पारदर्शक रबर दिसायला लागतं, कारण आपण आमटी खातो. पहिल्याच जेवणात रबर हळदीने पिवळं होतं आणि पुढच्या पाळीपर्यंत तोंडात हळदीचा कार्यक्रम चालू राहतो. तिसरा पर्याय दातांच्या मागच्या बाजूने तारा लावण्याचा. बाहेरून काही दिसत नाही, पण जीभ घासते, आणि खर्च पुष्कळ. चौथा अलाइनर.

अलाइनर म्हणजे दातांवर चढवायची पारदर्शक टोपडी. दर आठवड्या-दोन आठवड्यांनी नवा जोड, आधीच्यापेक्षा किंचित सरळ. ही कल्पना बाजारात आणणारी अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी १९९७ मध्ये झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ या दोघांनी काढली. स्टॅनफर्डमध्ये व्यवस्थापन शिकलेली ही मंडळी, दंतवैद्य दोघांपैकी एकही नाही. चिश्ती यांनी मोठेपणी तारा लावून घेतल्या होत्या, हा मुद्दा मी नवऱ्याला दोनदा ऐकवला.

किंमत ऐकल्यावर त्याने फोनवर शोधाशोध केली आणि घरपोच मिळणाऱ्या अलाइनरची जाहिरात दाखवली. आपणच घरी दातांचा साचा घ्यायचा आणि पाठवून द्यायचा. ना एक्स-रे, ना डॉक्टर, ना काकू म्हणणारं कुणी. मी त्याला स्माइलडायरेक्टक्लबची बातमी वाचून दाखवली. अमेरिकेतली ही मोठी कंपनी असाच धंदा करायची आणि डिसेंबर २०२३ मध्ये एकाएकी बंद पडली. ज्यांचे दात तेव्हा निम्म्या वाटेवर होते त्यांनी काय केलं असेल, या विचाराने त्याच्यासारख्या माणसाचंही तोंड मिटलं.

मध्येच एक घरगुती तंटा झाला. गर्दी कमी करायला डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले: खालचा एक दात काढणे, किंवा दातांच्या फटींतून बारीक पट्टी फिरवून कड किंचित घासणे. "धडधाकट दात कोण काढतं?" सासूबाई कडाडल्या. गंमत म्हणजे अँगलचंही हेच म्हणणं होतं. सगळे दात तोंडात राहिलेच पाहिजेत यावर तो हटून बसलेला असे. तो १९३० मध्ये गेला आणि पुढे त्याच्याच तालमीतल्या चार्ल्स ट्वीडने काही रुग्णांच्या चार लहान दाढा काढून निकाल चांगला लागतो हे दाखवलं. संप्रदायात मोठी खळबळ झाली. आज तोंड बघून ठरवतात. माझ्या तोंडाला घासणं पुरलं, म्हणजे आमच्याकडे अँगल आणि सासूबाई जिंकले. दाताला कानस लागते तेव्हा दुखत नाही, फक्त आवाज आपल्या डोक्याच्या आतून येतो.

अलाइनर दिवसाचे बावीस तास घालायचे. उरलेल्या दोन तासांत न्याहारी, दोन जेवणं आणि सगळे चहा. बँकेत काम करणाऱ्या बाईचं अर्थशास्त्र इथे कोलमडतं. प्रत्येक चहाला टोपडी काढा, डबीत ठेवा, चहा प्या, चूळ भरा, पुन्हा चढवा. अकराचा चहा मी सोडला, चारचा सोडला. बाजूच्या टेबलावरच्या मॅडमनी लोकांना सांगितलं की माझं काहीतरी व्रत आहे. नव्या जोडीचे पहिले दिवस बोलण्याचे हाल. माझा 'स' गेला. "शाहेब, शही शारखी नाही," असं काउंटरवर एका खातेदाराला म्हणाले, तर त्यांनी आदराने विचारलं, "मॅडम, मूळच्या कलकत्त्याच्या का?"

पोराला आता तारा आहेत. आतली तार निकेल-टायटॅनियमची. अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेत हा धातू सापडला तेव्हा तो कुणाच्या दातांसाठी नव्हता. वाकवली तरी ती आपला मूळ आकार लक्षात ठेवते आणि तिकडे परत जायला बघते, त्यातूनच दात ओढले जातात. तोंडाच्या उबेत तिला जोर चढतो आणि गारव्याने ती घटकाभर सैल पडते. ही शास्त्रीय माहिती पोराने पाठ केली आणि दुखायला लागलं की आइस्क्रीम मागू लागला. चकली, चिक्की, ऊस, कणीस आणि पेरू हे बंद. संक्रांतीला त्याला लोकांनी तिळाची वडी दिली, ती त्याने नम्रपणे घेतली आणि दाराआड जाऊन चघळली. दुसऱ्या दिवशी एक चकती तारेवर लोंबत होती. डॉक्टरांनी ती पुन्हा चिकटवली आणि माझ्याकडे बघितलं. पोराकडे नाही.

दरम्यान सासूबाईंची कवळी सैल झाली. जबड्याचं हाड दात गेल्यावर झिजत जातं, म्हणून नवी करायची. त्याच दवाखान्यात कवळीचे डॉक्टर बुधवारी येतात. नव्या कवळीचे दात आधी मेणावर मांडून तोंडात बसवून बघतात. ते दात म्हणजे मोत्यांची ओळ, माझे दोन वर्षांनी होतील त्याहून सरळ. सासूबाईंनी आरशात बघितलं.

"ही कोण बाई?"

मग पर्समधून एक फोटो काढला. माथेरान, घोडा, घोड्यावर विशीतल्या सासूबाई, तोंड उघडं टाकून हसताहेत. घरात हा फोटो मी कधी पाहिला नव्हता. "इथे फट होती," त्या बोट ठेवून म्हणाल्या, "आणि हा डावीकडचा जरासा चढलेला. तसं करून द्या."

डॉक्टरांनी सुरी तापवली, मेण सैल केलं आणि दात सरकवला. माझा महिन्याचा मिलिमीटर त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत अर्ध्या मिनिटात उरकला. सासूबाईंनी पुन्हा आरसा धरला, मान इकडून तिकडे केली, आणि मग आवाज खाली आणून विचारलं,

"सुनेचे सरळ करायला इथे दीड लाख घेतलेत. वाकडे करायचे वेगळे काही नाहीत ना?"

"नाही आजी. त्याच पैशात."

"मग अजून थोडा करा."