बसेल त्याची सीट

रत्नागिरीच्या भगवती बंदरावर क्रूझ टर्मिनल उभारायची घोषणा झाली, तेव्हापासून गावाला दोन चिंता आहेत. पहिली, टर्मिनल खरंच होणार का? ही चिंता जुन्या वळणाची आहे, तिची आपल्याला सवय आहे. दुसरी मात्र नवी. समजा झालंच, आणि पाच-सात मजल्यांचं पांढरंशुभ्र जहाज येऊन उभं राहिलंच, तर त्याच्यावर आपण वागायचं कसं?

ज्यांचा भाचा दुबईला असतो अशा जाणकारांकडून कळतं की क्रूझवर जेवणावरून भांडण होत नाही, ते मुबलक असतं. भांडण होतं खुर्चीवरून. वरच्या डेकवर पोहण्याच्या तलावाभोवती लांबलचक आरामखुर्च्या मांडलेल्या असतात. काही प्रवासी पहाटेच उठून वर येतात, चार खुर्च्यांवर चार टॉवेल पसरतात, त्यावर एखादं जाडजूड पुस्तक ठेवतात आणि खाली जाऊन पुन्हा झोपतात. मग उशिरा उठणं, सावकाश नाश्ता, दुकानं बघणं. तोवर बाकीची जनता टॉवेलांभोवती प्रदक्षिणा घालत असते. हे इतकं बोकाळलं की कार्निव्हल या बड्या कंपनीला आपल्या जहाजांवर नियम करावा लागला: 40 मिनिटं खुर्चीला माणूस दिसला नाही, तर कर्मचारी सामान उचलून नेणार. त्यासाठी खुर्चीवर वेळ लिहिलेली चिठ्ठी डकवतात. टॉमस कुकने तर 2018 साली काही हॉटेलांत तलावाकाठची खुर्ची आगाऊ राखून ठेवायची सोय काढली, सुमारे 25 युरो घेऊन. थोडक्यात, पाश्चात्त्य जगात टॉवेलला आता पैसे पडतात.

हे ऐकून अस्सल रत्नागिरीकराला हसू येतं. 40 मिनिटं? आपल्याकडे लांज्याची गाडी 40 मिनिटं उशिरा येते, आणि ती आल्यावर 40 सेकंदांत सगळी भरते. तीही माणसं आत न जाता.

रहाटाघरच्या स्टँडवर उभं राहून हे बघावं. गाडी फलाटाला लागण्याआधीच तिच्या बाजूने माणसं धावू लागतात. खिडकीची काच बाहेरून सरकवली जाते आणि आत वस्तूंचा पाऊस पडतो. रुमाल, टोपी, पंचा, छत्री, शाळेचं दप्तर, कधी खुद्द शाळकरी पोर. मग धावणारा माणूस एकदम सावकाश होतो. दाराशी चाललेल्या रेटारेटीकडे तो खालसा झालेल्या संस्थानिकाच्या नजरेने बघतो, पान लावतो, सुटे पैसे मोजतो आणि सगळ्यांत शेवटी चढतो. त्याची जागा त्याची वाट बघत असते.

या वस्तूंचीही एक प्रतवारी आहे. रुमाल हा नुसता साठेकरार, दुसऱ्याचा रुमाल वर पडला की वाद निघू शकतो. छत्री हे खरेदीखत. आणि सुकटीची पिशवी म्हणजे कायमचा ताबा. ती उचलून बाजूला ठेवायची छाती अद्याप कोणाची झालेली नाही.

आता खरी गंमत बघा. हाच माणूस गावी गेला की गडगा वीतभर सरकला म्हणून सख्ख्या चुलत्याला कोर्टात खेचतो. शेजारच्या कलमाची फांदी आपल्या हद्दीत आली तर तिच्यावरचे हापूस कोणाचे, यावर दोन पिढ्या बोलत नाहीत. सातबारा, फेरफार, आठ-अ, मोजणीचा नकाशा, सगळं दाखवलं तरी त्याचं समाधान होत नाही; तो म्हणतो, भूमिअभिलेखवाल्यांची साखळीच आखूड होती. दुसऱ्याच्या जमिनीवर उघडपणे ठाण मांडून मालकी सांगायची, तर कायदा 12 वर्षांचा ताबा मागतो. पण एसटीच्या सीटवर पडलेला, कोणाचा ते ठाऊक नसलेला, तपकिरीचे डाग पडलेला चौकोनी कपडा बघितला की हाच माणूस दोन्ही हात मागे घेतो. ना मुद्रांक, ना साक्षीदार, ना दुय्यम निबंधक. सगळ्या कोकणात निर्विवाद मालकी हक्काचा दस्तऐवज आज एकच उरला आहे, आणि तो धोब्याकडे टाकता येतो.

सरकारही यात मागे नाही. एसटीत आमदार-खासदारांसाठी सीट राखून ठेवायची पद्धत आहे. त्या सीटवर बसून लांज्याला गेलेला आमदार बघितलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. तो सरकारी रुमाल. नाट्यगृहात पहिल्या दोन रांगांवर ‘राखीव’ असा कागद चिकटवलेला असतो, तो सांस्कृतिक रुमाल. मांडवीच्या जेटीवर संध्याकाळी ठरावीक ज्येष्ठांची ठरावीक बाकं असतात, तिथे काही टाकावंच लागत नाही. नवखा माणूस बसला की चार जण त्याच्यासमोर उभे राहून त्याच्या गुडघ्यांकडे बघत राहतात. ही वहिवाट.

जागा न धरल्यास काय होतं, याचा धडाही या शहराने जवळून बघितला आहे. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1885 साली मंडालेच्या गादीवरून उठवलं आणि पुढच्याच वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. सिंहासन गेलं कोलकात्याच्या संग्रहालयात. राजाला इथे 1910 साली नवा राजवाडा मिळाला आणि 1916 साली मरण. सिंहासन ब्रह्मदेशाला परत मिळालं ते 1948 साली, त्यावर बसायला राजा उरलेला नसताना. उठताना एक रुमाल टाकला असता तर, असं आपल्याकडचा कोणीही प्रवासी हळहळून म्हणेल.

आणि डेकवरच्या जागेचं म्हणाल, तर ते आम्हाला कोणी शिकवू नये. मुंबई-गोवा बोट चालायची तेव्हा जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग अशी बंदरं घेत ती जायची. बोट लांब उभी राही, माणसं पडावातून हेलकावे खात तिच्यापर्यंत पोचत आणि वर चढताच पहिलं काम करत ते वळकटी सोडायचं. सतरंजी पसरेल तेवढा डेक आपला. एका टोकाला ट्रंक, दुसऱ्या टोकाला आजी, मध्ये घरदार. कठड्याजवळची जागा भाग्यवंतांना मिळे, कारण बोट लागली की तिथून समुद्र जवळ. पण ती सतरंजी आणि क्रूझवरचा टॉवेल यांत एक फरक होता. सतरंजीवर माणसं होती. रात्रभर. वाऱ्यापावसात, एकमेकांच्या अंगावर पाय टाकून.

माणूस नसताना त्याची जागा धरायची कला पूर्णत्वाला नेली ती कोकण रेल्वेने. 26 जानेवारी 1998 रोजी हा मार्ग पूर्ण लांबीने सुरू झाला, तेव्हा वाटलं होतं की जागेचा प्रश्न मिटला. गणपतीची तिकिटं पूर्वी 120 दिवस आधी मिळत आणि काही मिनिटांत संपत. 1 नोव्हेंबर 2024 पासून ती 60 दिवस आधी मिळतात आणि काही मिनिटांतच संपतात. एवढी सुधारणा पचवून ज्यांना जनरलच्या डब्यात चढावं लागतं, त्यांच्या कानावर दारातच एक वाक्य पडतं.

“इथे माणूस आहे.”

समोर बाकावर एक रुमाल असतो. चढलेला माणूस रुमालाकडे बघतो, सांगणाऱ्याकडे बघतो.

“कुठाय?”

“येतोय. पाणी आणायला गेलाय.”

गाडी सुटते. पनवेल जातं, रोहा जातं. पाणी आणायला गेलेला माणूस बहुधा विहीर खणत असावा. डब्यात जो उभा आहे, तिकीट ज्याच्या खिशात आहे, मुंग्या ज्याच्या पायाला आल्या आहेत, तो कोणीच नाही. जो नाही, तो मात्र ऐसपैस बसला आहे.

मग माणगावच्या आसपास संभाषण सुरू होतं.

“कुठे, रत्नागिरीला का?”

“नाही ओ, निवळीला. फाट्यावरून आत.”

“निवळी? निवळीत आमच्या आत्याला दिलंय! आडनाव काय म्हणालात?”

आडनाव सांगितलं जातं. एक क्षण जातो. त्या क्षणात पंचक्रोशी, वाडी, मानकरी, पालखीचा मार्ग, सगळं तपासून होतं. निकाल अनुकूल लागला तर रुमाल अलगद उचलला जातो, घडी करून खिशात जातो. “बसा, बसा! अहो, आधी नाही सांगायचं?” पाणी आणायला गेलेल्या माणसाचं पुढे काय झालं, हे कोणी विचारत नाही. खेडपर्यंत लाडवांचा डबा उघडलेला असतो आणि चिपळूणला दोघं मिळून दार आतून लावून घेतात, कारण तिथे चढणाऱ्यांना ‘जागा नाही’ हे त्यांना आता मनापासून पटलेलं असतं.

निकाल प्रतिकूल लागला, तर माणूस येतच असतो. रत्नागिरीपर्यंत येतच असतो.

म्हणजे रुमाल जागेसाठी नसतोच. जागा काय, सरकून बसलं की तिघांच्या बाकावर पाच मावतात, हे आपल्याला पाळण्यातून ठाऊक आहे. शेजारी कोण बसणार हे आपण ठरवायचं, यासाठी तो कपडा आहे. क्रूझवरच्या गोऱ्या साहेबाला ऊन हवं असतं, म्हणून तो टॉवेल टाकतो. आपल्याला सोबत निवडून हवी असते.

आणि हे नेमकं कुठे चाललंय? ज्या गावात शेजारी कोण बसणार या एका प्रश्नावरून अख्खी चळवळ झाली, तिथे. सावरकर 1924 ते 1937 इथे स्थानबद्ध होते. शाळेत अस्पृश्यांची मुलं वेगळी, दाराबाहेर बसवली जात. ती सगळ्यांत मिसळून बसावीत म्हणून त्यांनी गावोगाव वाद घातले. भागोजीशेठ कीरांनी पदरचे पैसे घालून बांधलेलं पतितपावन मंदिर 1931 साली सर्व जातींच्या हिंदूंना खुलं झालं. सहभोजनांच्या पंगती उठल्या आणि त्या पंगतींना बसलेल्यांवर त्यांच्या त्यांच्या आळीत बहिष्कार पडले. 1933 साली तर कोणीही येऊन कोणाच्याही शेजारी चहा प्यावा म्हणून उपाहारगृह निघालं. ताटाला ताट लावून बसण्यासाठी ज्यांनी वाळीत पडणं पत्करलं, त्यांची नातवंडं-पतवंडं आज बाकावर रुमाल टाकून आडनाव विचारतात. पंगतीत निदान समोरासमोर ‘उठा’ म्हणत. आता ‘माणूस आहे’ म्हणतात. तेवढी सभ्यता वाढली.

तेव्हा टर्मिनल होवो न होवो, क्रूझवर पाय ठेवण्याआधी रत्नागिरीकरांसाठी एक कायदा हवा. नमुना आपल्याकडे तयार आहे. शतकानुशतकं जमिनीवर बसून राहिलेली खोती 1949 च्या कायद्याने गेली. पुढे कूळकायद्यात 1 एप्रिल 1957 हा दिवस नेमून कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानलं गेलं. पुण्या-मुंबईत बसून भाताचे खंड मोजणाऱ्या गैरहजर मालकाचा हक्क संपला. ‘कसेल त्याची जमीन’ हे जर राज्याला जमलं, तर ‘बसेल त्याची सीट’ जमायला काय हरकत आहे? सदर अधिनियमाचा मसुदा पुढीलप्रमाणे:

कलम 1. हा अधिनियम एसटी, रेल्वे, नाट्यगृह, लग्नाचा हॉल, श्राद्धाची पंगत आणि क्रूझचा डेक यांस लागू राहील. मांडवीची बाकं वगळण्यात येत आहेत. तिथे सरकारचं काही चालत नाही.

कलम 2. जागेवर माणूस याचा अर्थ माणूस. रुमाल, टॉवेल, छत्री, वर्तमानपत्राची पुरवणी व सुकट यांना माणूस समजण्यात येणार नाही.

कलम 3. पाणी आणायला गेलेल्या इसमास एक स्टेशन एवढी मुदत राहील. त्यानंतर तो मयत समजून वारसनोंद उभ्या असलेल्या प्रवाशाच्या नावे करण्यात येईल.

कलम 4. आतून दार लावून घेणाऱ्यास परतीच्या प्रवासात त्याच दाराबाहेर उभं करण्यात येईल.

कलम 5. रिकाम्या जागेपाशी आलेल्या माणसास गाव व आडनाव विचारू नये. विचारल्याशिवाय राहवतच नसेल, तर आधी सरकावं, त्याला बसवावं आणि मग विचारावं. उत्तर काहीही आलं तरी त्याला उठवता येणार नाही.

पहिल्या चार कलमांना फारसा विरोध होईल असं वाटत नाही. त्यांतल्या पळवाटा तालुक्याच्या वकिलांनी हे सदर वाचतावाचताच शोधल्या असतील. खरी आरडाओरड होईल ती पाचव्यावर. परंपरा, ओळखपाळख, बायकामुलं बरोबर असतात हो, आमचं तसं काही नाही पण, अशा सगळ्या हरकती येतील. त्या जरूर नोंदवाव्यात. अट एकच आहे: हरकत उभ्याने नोंदवायची. जागा धरून बसल्या बसल्या घेतलेल्या हरकतींचा विचार केला जाणार नाही.